फाईल हटत नाही तेव्हा

गेल्या ईदनंतर घरातला जुना लॅपटॉप शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला द्यायचे आम्ही ठरवले. त्याआधी घरचे कागद काढायचे होते: अब्बांचे दवाखान्याचे रिपोर्ट, बँकेचे कागद, बहिणीच्या निकाहचे फोटो. सगळे हटले, एक फोल्डर मात्र हटेना. ‘ही फाईल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे’ एवढाच निरोप पुन्हापुन्हा येई. भाऊ वैतागून म्हणाला, “सरळ फॉरमॅट मारू.” अम्मींनी विचारले, “दादीचे फोटो त्यातच आहेत ना? दुसरीकडे घेतलेत का?” कुणीच घेतले नव्हते. दादी आता नाहीत. आम्ही आधी ते फोटो पेनड्राइव्हवर उतरवले, मगच पुढचे काम हाती घेतले.

कॉम्प्युटर नकार देतो तेव्हा बहुधा त्याला कारण असते. एखादा प्रोग्राम फाईल वापरत असला की विंडोज ती हटवू देत नाही. आमच्याकडे फोटो दाखवणारा प्रोग्राम बंद केल्यासारखा दिसत होता, पण आतून चालूच होता.

असे झाले तर सगळे प्रोग्राम बंद करून कॉम्प्युटर रिस्टार्ट करावा. पुष्कळदा एवढ्याने काम होते. न झाल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात तो प्रोग्राम निवडून ‘एंड टास्क’ करावे. मात्र त्यातले सेव्ह न केलेले काम जाते. तरीही अडले तर सेफ मोडमध्ये कॉम्प्युटर सुरू करून पाहावे. तिथे मोजकेच प्रोग्राम चालतात.

कधी कारण वेगळे असते. फोल्डरात फोल्डर करत पत्ता २६० अक्षरांपुढे गेला, तरी फाईल अडते. वरच्या फोल्डरांची नावे लहान करावीत. ‘परवानगी नाही’ असे आले, तर फाईल दुसऱ्या युजरच्या नावावर असू शकते. ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून प्रयत्न करावा. पण ‘विंडोज’ नावाच्या फोल्डरातली फाईल हटत नसेल, तर तिला हात लावू नये. तो नकार आपल्याच भल्याचा असतो.

आणखी एक. रीसायकल बिन रिकामे केले तरी फाईल लगेच मिटत नाही. जाणकार माणूस ती परत काढू शकतो. म्हणून मशीन दुसऱ्याला देताना सेटिंग्जमधून ‘रिसेट धिस पीसी’, मग ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडावे आणि ‘क्लीन डेटा’ चालू करावे. याला काही तास लागतात. अब्बांचे आजारपण, बहिणीचे फोटो ही घराची अमानत आहे. तेवढा वेळ तिच्यासाठी द्यायलाच हवा.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप त्या मुलीच्या हाती गेला. दादीचे फोटो आता दोन ठिकाणी आहेत, अल्हम्दुलिल्लाह.