शेणकिड्यांना चकविणारे बी

दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातील कोरड्या झुडुपरानास ‘फाइनबॉस’ म्हणतात. तेथे वणवे ठरलेलेच. ‘सेराटोकॅरियम अर्जेंटियम’ ही बोरूसारखी वनस्पती वणव्यात मरते. तिचा वंश चालतो तो जमिनीत पुरलेल्या बियांवर. पण श्रोतेहो, त्या पुरतो कोण? डी हूप अभयारण्यात संशोधकांनी उंदरांवर पाळत ठेवण्यासाठी कॅमेरे लावले, आणि सापडले शेणकिडे! हे तपकिरी, गोल, खडबडीत बी हरणाच्या लेंडीसारखे दिसते आणि वासही तसाच मारते. किडे ते लोटीत नेऊन पुरतात. त्या कठीण बियांत त्यांना खावयास काही नाही, अंडी घालण्यासही जागा नाही. ही लबाडी २०१५ साली प्रसिद्ध झाली. आम्हांस मात्र त्या फुकट राबणाऱ्या किड्यांचीच कीव येते.