मूत्राशयाचा कर्करोग : पेशींवरील पहारेकरी आणि त्यांची जनुके

क्षयरोगास प्रतिबंध म्हणून नवजात बालकांना टोचण्यात येणारी बी.सी.जी. लस सर्वांच्या परिचयाची आहे. मूत्राशयाच्या कर्करोगावरही ती उपयोगी पडते, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. फ्रान्समधील आल्बेर काल्मेत व कामीय गेरँ यांनी १९०८ ते १९२१ या काळात गुरांच्या क्षयाच्या जिवाणूंपासून हा सौम्य वाण सिद्ध केला. पुढे १९७६ मध्ये कॅनडातील डॉ. आल्वारो मोरालेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ रुग्णांच्या मूत्राशयात तो सोडून आलेले आशादायक अनुभव प्रसिद्ध केले. आज हा उपचार जगभर रूढ आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही या उपचारासाठी बी.सी.जी. तयार होते.

निदानाच्या वेळी सुमारे ७० ते ७५ टक्के रुग्णांत हा रोग मूत्राशयाच्या आतील थरांपुरता मर्यादित असतो. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून गाठ काढली जाते. रोग उलटण्याचा धोका अधिक असल्यास त्यानंतर आठवड्यातून एकदा, याप्रमाणे सहा आठवडे बी.सी.जी.चे द्रावण नळीवाटे मूत्राशयात सोडतात. रुग्णाने ते सुमारे दोन तास धरून ठेवावयाचे असते. पुढेही एक ते तीन वर्षे ठरावीक अंतराने मात्रा दिल्या जातात. पुष्कळांना गुण येतो. काहींचा रोग मात्र उलटतो. औषध एकच असता हा फरक का पडावा?

नोंदवह्या आणि नकला

प्रतिकारशक्तीच्या पेशींवर, तसेच मूत्राशयाच्या अस्तरातील पेशींवरही, ‘ग्राही’ नावाची प्रथिने असतात. बाहेरून आलेला जिवाणू ओळखून शरीरास सावध करणे हे त्यांतील काहींचे कार्य होय. ‘टोलसदृश ग्राही’ हे असेच पहारेकरी असून बी.सी.जी.च्या जिवाणूचे आवरण ते ओळखतात.

ग्राही घडविण्याची माहिती जनुकात साठविलेली असते. ग्रामपंचायतीच्या दप्तरात सर्व नोंदवह्या असल्या, तरी कामापुरतीच वही उघडून तिची नक्कल दिली जाते. पेशीतही तसेच घडते. जनुकाची नक्कल ‘आर.एन.ए.’च्या रूपाने निघते व तीवरून प्रथिन तयार होते. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. गाठीचा लहानसा तुकडा तपासून कोणत्या जनुकाच्या किती नकला निघत आहेत, हे आता मोजता येते.

अशा काही अभ्यासांत निरोगी अस्तराच्या तुलनेने गाठीतील पेशींवर टोलसदृश ग्राहींचे प्रमाण घटलेले आढळले. पहारेकरीच कमी झाल्यावर इशाराही क्षीण होणार, हे उघड आहे.

याउलट काही ग्राही लगामाचे काम करतात. जपानमधील तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये ‘पी.डी.-१’ या ग्राहीचा शोध लागला. तो प्रतिकारशक्तीच्या ‘टी’ पेशींवर असतो. कर्कपेशी आपल्या पृष्ठभागावर ‘पी.डी.-एल.१’ हे प्रथिन वाढवितात. त्याचा स्पर्श होताच टी पेशी थबकतात. हा लगाम सोडविणाऱ्या औषधाला अमेरिकेत २०१६ मध्ये प्रगत मूत्राशय-कर्करोगासाठी मान्यता मिळाली. बी.सी.जी.ला दाद न देणाऱ्या काही रुग्णांसाठीही २०२० मध्ये असे औषध तेथे मान्य झाले. होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक जेम्स ॲलिसन यांच्यासमवेत विभागून देण्यात आले.

तपासणीस पर्याय नाही

तथापि, या मोजमापावर सर्वस्वी विसंबता येत नाही. पी.डी.-एल.१ भरपूर असूनही काहींना औषध लागू पडत नाही. ते अल्प असताना काहींना लागू पडते. म्हणूनच ठरलेल्या मुदतीत दुर्बिणीने मूत्राशय तपासणे, हाच रोग उलटल्याचे वेळीच ओळखण्याचा मुख्य मार्ग आहे. बरे वाटू लागताच तपासणी सोडून देणारा रुग्ण स्वतःला धोक्यात घालतो.

लघवीतून रक्त जाणे हे या रोगाचे पहिले लक्षण असते. त्या वेळी बहुधा वेदना नसतात आणि रक्त काही दिवसांत आपोआप थांबतेही. त्यामुळे ‘उष्णता झाली’ असे समजून अनेक जण स्वस्थ बसतात. धूम्रपान हे या रोगाचे सर्वांत मोठे ज्ञात कारण आहे. या दोन गोष्टी शाळेत व ग्रामसभेत आवर्जून सांगितल्या गेल्या, तर रोग आतील थरांपुरता असतानाच रुग्ण रुग्णालयात पोहोचेल, आणि उपचाराचा खरा लाभ त्याच टप्प्यावर अधिक होतो.