चाळणीखालचा हिशेब

खनिजांच्या प्रयोगशाळेत रोजच्या वापरातली सगळ्यात बारीक चाळणी ४०० मेशची असते. एका इंचात ४०० भोकं आणि प्रत्येक भोक सुमारे ३८ मायक्रॉनचं; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लोहखनिजाची पूड या चाळणीवर टाकून पाण्याखाली धुतली, तर वर राहील ते भरड, खाली जाईल ते बारीक. पण खाली गेलेल्या पुडीतला कण ३० मायक्रॉनचा आहे की ३ मायक्रॉनचा, हे चाळणी सांगत नाही. चिमटीत धरले तर दोन्ही सारखेच लागतात. कारखान्याच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. ३० मायक्रॉनचा कण बहुधा यंत्राच्या हाती लागतो. ३ मायक्रॉनचा कण पाण्याबरोबर टेलिंग्जच्या, म्हणजे टाकाऊ गाळाच्या, तळ्यात जातो आणि त्यातलं लोखंडही सोबत नेतो.

चांगल्या प्रतीचं खनिज जगभर कमी होत चाललं आहे. उरलेल्या खडकात धातूचे कण इतके बारीक गुंतलेले असतात, की ते सोडवायला खडक अधिकाधिक दळावा लागतो. त्यामुळे चाळणीखालचा भाग वाढत जातो. त्याला या धंद्यात स्लाइम्स म्हणतात. स्लाइम्सचं पृष्ठफळ अवाढव्य असतं. एक सेंटिमीटरच्या घनाला सहा चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग; तोच घन एक मायक्रॉनच्या घनांमध्ये चिरला तर तोच पृष्ठभाग सहा चौरस मीटर होतो. एवढ्या पृष्ठभागावर महागडी रसायनं खर्ची पडतात. खनिजाचे कण बुडबुड्यांना चिकटवून वेगळे काढणाऱ्या फ्लोटेशनच्या टाकीत तर साधारण दहा मायक्रॉनखालचा कण पाण्याच्या प्रवाहाबरोबर बुडबुड्याला वळसा घालून निघून जातो, त्याची बुडबुड्याशी गाठच पडत नाही.

म्हणून चाळणीखालचे कण मोजणं भाग आहे. पण मोजायचं नेमकं काय? कण गोल असता तर व्यास सांगून मोकळं होता आलं असतं. अभ्रकाचा कण पापुद्र्यासारखा पातळ असतो, क्वार्ट्झचा कंगोरेदार, कोनाकोनांचा. चाळणी त्याची रुंदी पाहते, सूक्ष्मदर्शक त्याची सपाट आकृती पाहतो, आणि पाणी त्याचा आकार व वजन एकत्र जोखतं. प्रत्येक उपकरण कणाला वेगळा प्रश्न विचारतं, त्यामुळे एकाच पुडीची तीन उपकरणांवर तीन उत्तरं येतात आणि तिन्ही खरी असतात. नवशिके इथे गोंधळतात आणि कुठलं यंत्र बिघडलं ते शोधू लागतात.

पाण्याचा प्रश्न सगळ्यात जुना. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ साली दाखवून दिलं, की लहान गोल कण पाण्यात बुडताना लवकरच एक स्थिर वेग गाठतो आणि तो वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा झाला की वेग चौथाई. क्वार्ट्झचा ५० मायक्रॉनचा कण २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहा सेंटिमीटर खाली यायला पाऊण मिनिट घेतो. दहा मायक्रॉनच्या कणाला त्यासाठी अठरा-एकोणीस मिनिटं लागतात, दोन मायक्रॉनच्या कणाला पावणेआठ तास, आणि एक मायक्रॉनच्या कणाला तीस तासांहून जास्त. तो वेळ घड्याळ लावून मोजला, की कणाचा व्यास हिशेबाने काढता येतो. स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत मातीच्या नमुन्यात हायड्रोमीटर सोडून दिवसभर त्याचे आकडे टिपतात, ते याच नियमावर. डॅनिश शास्त्रज्ञ आंद्रेआसेन यांच्या नावाची पिपेटही याच तत्त्वावर चालते: ठरावीक खोलीवरून ठरावीक वेळी दहा मिलिलिटर गढूळ पाणी ओढायचं, सुकवायचं, तोलायचं.

पद्धत पक्की आहे, पण फार संथ. शिवाय पिपेटमधून हाती येतो तो एवढासा गाळ, त्याचं रासायनिक पृथक्करण करणं अवघड. आणि धातुशास्त्रज्ञाला नुसता आलेख पुरत नाही. त्याला प्रत्येक आकारगटाचा खराखुरा माल हातात हवा असतो.

त्यासाठी दुसरी वाट आहे. खळ्यावर धान्य उफणताना वारा भूस उडवून नेतो आणि दाणा खाली पडतो. वाऱ्याचा वेग बदलला की काय उडेल आणि काय पडेल, तेही बदलतं. कण स्वतः खाली येईपर्यंत थांबण्याऐवजी त्याच्यासमोर वरच्या दिशेने वाहणारा प्रवाह उभा करायचा आणि प्रवाहाला जुमानत नाहीत त्या कणांना वेगळं काढायचं, हीच युक्ती प्रयोगशाळेत आली. टोरोंटोचे प्राध्यापक हॉल्टेन यांच्या इन्फ्रासायझरमध्ये हवा एकामागोमाग एक, अधिकाधिक रुंद होत जाणाऱ्या नळ्यांतून वर चढते. नळी रुंद झाली की हवेचा वेग मंदावतो आणि प्रत्येक नळीत आधीच्यापेक्षा बारीक कण मागे राहतात. पाण्यावर चालणारी अशी साधनंही होती. पण कण जितका बारीक तितका प्रवाह मंद ठेवावा लागतो, आणि फार बारीक कणांच्या बाबतीत गुरुत्वाकर्षणाचं बळच अपुरं पडतं.

गुरुत्वाकर्षण पुरत नसेल, तर दुसरं बळ आणावं लागतं. खनिज कारखान्यांत हायड्रोसायक्लोन तोवर रुळलेला होता. शंकूच्या आकाराचं हे भांडं. रुंद बाजूला स्लरी, म्हणजे पूड मिसळलेलं पाणी, कडेने, वेगाने आत शिरते आणि गरगर फिरू लागते. जड व मोठे कण भिंतीकडे फेकले जातात आणि निमुळत्या टोकातून बाहेर पडतात. बारीक कण मधल्या भोवऱ्याबरोबर रुंद बाजूच्या नळीतून निघून जातात. आत एकही हलता भाग नाही, तरी फिरत्या पाण्यातलं बळ गुरुत्वाकर्षणाच्या अनेक पट असतं. डी. एफ. केल्सॉल यांनी पारदर्शक सायक्लोनमध्ये बारीक कणांवर प्रकाश पाडून त्यांचे वेग प्रत्यक्ष मोजले. त्यांचा तो १९५२ चा निबंध आजही या विषयाचा पाया मानला जातो. पुढे १९६३ साली त्यांनी मॅकअ‍ॅडम यांच्यासह सायक्लोनच वापरून कण निवडणाऱ्या प्रयोगशाळेतल्या उपकरणाचा आराखडा मांडला. ऑस्ट्रेलियातल्या वॉर्मन कंपनीच्या नावाने ते सायक्लोसायझर म्हणून जगभरच्या खनिज प्रयोगशाळांत पोचलं.

हे यंत्र पाहिलं की त्याची हुशारी लगेच लक्षात येते. पाच सायक्लोन एका ओळीत, आणि पाचही उलटे. निमुळतं टोक वर, आणि त्या टोकावर एक बंद कप्पा. नेहमीच्या सायक्लोनमध्ये टोकाशी गेलेला कण बाहेर पडतो आणि त्याच्याबरोबर थोडे बारीक कणही चुकून निघून जातात. इथे त्याला बाहेरची वाटच नाही. कण कप्प्यात जातो, तिथून पुन्हा सायक्लोनमध्ये ओढला जातो, पुन्हा फेकला जातो. अशी त्याची परीक्षा वारंवार होते, आणि चुकून अडकलेला बारीक कण कधी ना कधी पुढच्या सायक्लोनकडे निसटतोच. पुढच्या प्रत्येक सायक्लोनचं तोंड आधीच्यापेक्षा लहान, म्हणून पाण्याचा वेग जास्त आणि निवड अधिक बारीक. क्वार्ट्झसाठी हे पाच सायक्लोन अंदाजे ४४, ३३, २३, १५ आणि ११ मायक्रॉनवर कण अडवतात.

काम असं चालतं. भरड भाग चाळणीने आधीच काढून टाकलेला साधारण ५० ग्रॅम नमुना पाण्यात नीट सुटा करून यंत्राच्या भांड्यात भरायचा. पंप सुरू करून सुरुवातीला प्रवाह मोठा ठेवायचा, म्हणजे नमुना सगळ्या सायक्लोनमध्ये पसरतो. मग झडप फिरवून प्रवाह मिनिटाला ११.६ लिटरवर आणायचा आणि सुमारे २० मिनिटं तसाच ठेवायचा. शेवटी एकेका सायक्लोनचा कप्पा उघडून त्यातला गाळ वेगवेगळ्या बीकरमध्ये उतरवायचा. पाच बीकर, पाच आकारगट. शेवटच्या सायक्लोनमधूनही निसटलेला सहावा गट पाण्याबरोबर बाहेर पडतो. तो हवा असेल तर बादल्यांत साठवून बसू द्यावा लागतो. गाळ सुकवायचा, तोलायचा. सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं काम.

यात एक अट आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झालं की आकडे फसवे ठरतात. वरचे मायक्रॉन क्वार्ट्झचे आहेत, म्हणजे २.६५ घनतेचे, आणि २० अंशांच्या पाण्यातले. हेमॅटाइटची घनता सुमारे ५.२. तो जड असल्यामुळे लहान असूनही अडकतो, आणि ४४ मायक्रॉनच्या सायक्लोनमध्ये २८ मायक्रॉनचाच हेमॅटाइट थांबतो, ११ च्या सायक्लोनमध्ये ७ चा. एकाच बीकरमध्ये क्वार्ट्झचे मोठे आणि हेमॅटाइटचे लहान कण शेजारी शेजारी बसलेले असतात. तापमानाचंही तसंच. वीस अंशांचं पाणी तीस अंशांवर गेलं की त्याचा चिकटपणा पाचव्या हिश्शाने कमी होतो, कणाला अडवणारा विरोध घटतो, आणि ११ मायक्रॉनचा सायक्लोन जेमतेम दहाचा राहतो. नागपुरात मे महिन्यात छतावरच्या टाकीतलं पाणी वापरून जानेवारीच्या आकड्यांशी तुलना करायची, तर तापमानाची दुरुस्ती लावल्याशिवाय ती निरर्थक ठरते.

नागपूरचं नाव ओघात आलेलं नाही. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय नागपुरात आहे, आणि शहराला लागून असलेल्या हिंगण्याला या ब्युरोची खनिज प्रक्रियेची आधुनिक प्रयोगशाळा व पथदर्शी संयंत्र आहे. नागपूर-भंडाऱ्याच्या पट्ट्यात मँगनीज निघतं. आणि दक्षिणेला गोवा. २०१०-११ या एका वर्षात गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त लोहखनिज निर्यात झालं. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. डिचोली, सत्तरी, सांगेच्या डोंगरांत टेलिंग्जची तळी मात्र मागे राहिली. गोव्याचं खनिज ठिसूळ, मातकट. ते धुताना बारीक गाळ भरपूर निघतो. त्या लाल गाळात हेमॅटाइट आणि गोथाइट आहे, तसंच केओलिनाइट आणि गिब्साइटही. या शेवटच्या दोघांतून अ‍ॅल्युमिना येतो, आणि तो पोलादाच्या भट्टीला नकोसा असतो.

या तळ्यांतून लोखंड काढावं असं अनेकांना वाटतं. मग पहिला प्रश्न असा, की लोखंड कुठल्या आकाराच्या कणांत आहे? समजा, सहाही गटांचं पृथक्करण केलं आणि २० ते ४० मायक्रॉनच्या गटात लोहाचं प्रमाण चांगलं निघालं, पण शेवटच्या, सगळ्यात बारीक गटात अ‍ॅल्युमिना एकदम चढलेला दिसला. मग हायड्रोसायक्लोनने तो बारीक भाग कापून टाकायचा आणि उरलेला चुंबकीय विलगकाकडे न्यायचा, ही वाट उघडते. उलट लोहाचा मोठा हिस्सा ११ मायक्रॉनखालीच सापडला, तर नेहमीच्या यंत्रांनी फारसं काही साधणार नाही, हे करोडो रुपये खर्च होण्याआधीच कळतं. भरड गटात लोह सापडलं पण कण क्वार्ट्झला चिकटलेले असतील, तर आणखी दळावं लागेल. हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं, कारण प्रत्येक गट वेगळा झालेला असतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेली खनिज-विश्लेषणाची यंत्रणादेखील एकसारख्या आकाराच्या कणांवरच सगळ्यात चांगलं काम करते.

आता बहुतेक ठिकाणी लेसरची यंत्रं आली आहेत. पाण्यात पसरलेल्या कणांवर लेसरचा झोत टाकायचा. लहान कण प्रकाश मोठ्या कोनात विखुरतात, मोठे कण लहान कोनात. विखुरलेल्या प्रकाशाच्या नक्षीवरून संगणक काही मिनिटांत पूर्ण आलेख देतो, थेट मायक्रॉनच्या खालपर्यंत. सिमेंटच्या कारखान्यात हे वरदानच आहे. पण संगणक प्रत्येक कण गोल धरतो आणि त्याला खनिजाचा अपवर्तनांक सांगावा लागतो. हेमॅटाइटचा अपवर्तनांक क्वार्ट्झच्या जवळजवळ दुप्पट आहे आणि तो प्रकाश शोषतोही. मिश्र गाळासाठी कुठला आकडा भरायचा? चुकीचा भरला तर आलेखाचा बारीक टोकाकडचा भाग सरकतो. आणि यंत्र धुऊन काढलं की नमुना नाल्यात गेलेला असतो, पृथक्करणाला काही उरत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. लेसर आणावा, रोजच्या देखरेखीसाठी तो हवाच. पण जुना झाला म्हणून सायक्लोसायझर भंगारात काढणारी खनिज प्रयोगशाळा आपलं नुकसान करून घेते. कारखान्यातला हायड्रोसायक्लोन, वर्गीकरणाची टाकी, टेलिंग्जचं तळं, ही सगळी कणाला पाण्यातून जोखतात. कण प्रकाश कसा विखुरतो, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. कारखाना कणाला जो प्रश्न विचारतो, तोच प्रश्न प्रयोगशाळेतही विचारला गेला पाहिजे.

यंत्र कुठलंही असो, दोन गोष्टी मात्र सुटत नाहीत. ढिगातून ५० ग्रॅम वेगळे काढताना ते ढिगाचे खरे प्रतिनिधी असले पाहिजेत. फावड्याने वरवरचं उचललं तर बाकी सगळी मेहनत वाया जाते. आणि चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून गोळे होता कामा नयेत. कॅल्शियम असलेल्या जड पाण्यात ते हमखास होतात, म्हणून सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटसारखं रसायन घालून त्यांना आधी सुटं करावं लागतं.

सायक्लोसायझरच्याच तत्त्वावरचा, पण हवेवर चालणारा एक छोटा सायक्लोन खाणकामगाराच्या कॉलरलाही अडकवतात. खडक फोडताना उडणाऱ्या धुळीत क्वार्ट्झ असेल, तर तिचे अगदी बारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात आणि सिलिकोसिस होतो. त्यावर इलाज नाही. मोठी धूळ नाका-घशातच अडते, तिचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. दहा मिलिमीटर व्यासाचा नायलॉनचा सायक्लोन मिनिटाला १.७ लिटर हवा ओढतो, भरड धूळ खालच्या टोपणात टाकतो आणि फुप्फुसात जाऊ शकणारी बारीक धूळ फिल्टरवर सोडतो. त्याची विभागणीची रेषा ४ मायक्रॉनची, तीही पाण्याइतक्या घनतेच्या गोल कणासाठी मोजलेली; त्याच वेगाने हवेत खाली येणारा क्वार्ट्झचा कण प्रत्यक्षात अडीच मायक्रॉनचा असतो. पाळी संपल्यावर फिल्टर तोलतात आणि त्यावर क्वार्ट्झ किती आहे ते क्ष-किरणांनी तपासतात. पंप मंदावला तर सायक्लोन अधिक भरड धूळ फिल्टरवर जाऊ देतो आणि आकडा चुकतो. म्हणून पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी पंपाचा प्रवाह मोजून नोंदवावा लागतो, आणि दोन नोंदींत फार फरक पडला तर तो नमुना बाद धरतात.