मनाची जुनी जखम : मानसशास्त्रज्ञाला काय विचाराल?



बाक सरकल्याचा आवाज झाला तरी दचकणारं, खांद्यावर हात ठेवला की अंग चोरणारं, एवढ्या-तेवढ्यावरून भडकणारं मूल तुमच्या वर्गात असेल. आपण पटकन म्हणतो, "हट्टीच आहे!" मीही म्हटलंय. पण कधी कधी त्यामागे जुनी जखम असते.

अपघातासारखा एकदाच बसलेला धक्का वेगळा. घरातली मारहाण, अत्याचार किंवा हेळसांड वर्षानुवर्षं सोसणं वेगळं. याला कॉम्प्लेक्स ट्रॉमा, म्हणजे गुंतागुंतीचा आघात म्हणतात. त्यात भीती तर राहतेच, शिवाय भावना आवरत नाहीत, "मीच वाईट" असं वाटतं आणि माणसांवरचा विश्वास उडतो. त्यातून होणाऱ्या विकाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ वर्गीकरणात स्वतंत्र स्थान आहे.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली उपचाराचे तीन टप्पे मांडले : आधी सुरक्षितता, मग आठवणी आणि दुःख, शेवटी माणसांशी पुन्हा नातं. म्हणूनच जाणकार मानसशास्त्रज्ञ पहिल्याच भेटीत "काय झालं ते सगळं सांग" असं म्हणत नाही. घाईने जखम उकरली तर मूल आणखी मिटतं.

आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. एम.ए.नंतर दोन वर्षांचं एम.फिल., तेही रुग्णांसोबत, वरिष्ठांच्या देखरेखीखाली, हा त्याचा अनेक वर्षं नेहमीचा मार्ग होता. पण आघातावरच्या उपचारासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं; उदाहरणार्थ, ट्रॉमा-केंद्रित सीबीटी किंवा ईएमडीआर.

तेव्हा पालकहो, संकोच न करता विचारा :

१. तुमची नोंदणी आहे का?
२. आघातावरचं प्रशिक्षण कोणतं घेतलंय?
३. या वयाच्या मुलांसोबत काम केलंय का?
४. अडलं तर वरिष्ठांचा सल्ला घेता का?

चांगल्या तज्ज्ञाला या प्रश्नांचा राग येत नाही.

आणि आपण शिक्षकांनी? उलटतपासणी घ्यायची नाही. "कुणाला सांगणार नाही" असं वचनही द्यायचं नाही, कारण लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हे क्रमांक स्टाफरूममध्ये लावून ठेवा.

उपचार तज्ज्ञ करतील. "इथे तुला कुणी मारणार नाही" एवढा भरवसा मात्र रोज आपणच देऊ शकतो.