टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार आणि दम लागणे

6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा ती वर्तमानपत्रातली नवलाई होती. आज इंदूरमध्ये आपल्याच घरांतल्या लेकी-सुना हा उपचार घेतात, फक्त त्याबद्दल कोणी बोलत नाही. त्यात क्वचित होणाऱ्या एका त्रासाची माहिती घरच्यांना असावी, असे आम्हाला वाटते.

या उपचारात साधारण दहा-बारा दिवस इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक स्त्रीबीजे वाढवतात. ती पक्व व्हावीत म्हणून शेवटी बहुधा एचसीजीचे इंजेक्शन असते. काही जणींच्या, विशेषतः कमी वयाच्या आणि पीसीओएस असलेल्यांच्या, अंडाशयांचा यावर अतिरेकी प्रतिसाद होतो. बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. पाणी पोटात साचते, आणि क्वचित फुफ्फुसाभोवतीच्या आवरणातही, बहुधा उजव्या बाजूला. फुफ्फुसाला फुगायला जागा उरत नाही आणि दम लागतो. शिवाय रक्त दाट होते. त्याची गुठळी फुफ्फुसात अडकली तर जिवावर बेतते. डॉक्टर या विकाराला ओएचएसएस म्हणतात.

शेवटच्या इंजेक्शननंतर आठवडाभरात, किंवा गर्भ राहिल्यास दहा-बारा दिवसांनीही, हे सुरू होऊ शकते. पोट फुगणे, एका दिवसात किलोभर वजन वाढणे, लघवी कमी होणे, आडवे पडल्यावर धाप लागणे, एका पोटरीला सूज येणे, यांतले काही दिसले तर ‘अशक्तपणा आहे, आराम कर’ म्हणून थांबू नये.

खरी अडचण लपवाछपवीची आहे. रात्री दम लागला की जवळच्या रुग्णालयात नेतात, आणि सासरची मंडळी समोर असल्याने सूनबाई इंजेक्शनांचे नाव काढत नाही. मग डॉक्टर दमा किंवा न्यूमोनिया समजून चालतात. उपचार तर आहे: सोनोग्राफीत पाहून सुईने पाणी काढतात, रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने देतात. बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. मात्र सूज उतरावी म्हणून लघवीची गोळी आपल्या मनाने देऊ नये, रक्त आणखी दाट होते.

आता प्रतिसाद जास्त दिसला तर शेवटचे इंजेक्शन बदलतात किंवा गर्भ गोठवून पुढच्या महिन्यांत ठेवतात. उशीर होतो म्हणून घरच्यांनी तगादा लावू नये. घरातल्या निदान एका माणसाला इंजेक्शनांची नावे, तारखा आणि केंद्राचा रात्री लागणारा फोन नंबर ठाऊक असावा. ती सासूबाई असल्या तर उत्तमच.