फाइल दिसते, पण आहे कुठे?

म्हैसूरच्या वायव्य कडेला हूटगळ्ळी आहे. औद्योगिक वसाहत, नव्या कॉलन्या आणि इन्फोसिसचा विस्तीर्ण प्रशिक्षण कॅम्पस. पहिल्या नोकरीसाठी देशभरातून मुले-मुली इथे येतात, त्यांत महाराष्ट्रातलीही असतात. अशा घरांत एकच क्लाउड खाते दोन गावी चालू असणे आता नवलाचे राहिलेले नाही. मुलीच्या लॅपटॉपवर आणि साताऱ्याच्या घरातल्या कॉम्प्युटरवर तेच फोल्डर: सातबारा, विम्याचे कागद, आजीचे स्कॅन केलेले फोटो. समजा, जागा भरली म्हणून मुलीने लॅपटॉपवरचे हे फोल्डर डिलीट केले. थोड्याच वेळात ते साताऱ्यातूनही जाईल. यात बिघाड कुठलाच नाही. ‘जे इथे, तेच तिथे’ हे सिंकचे काम, आणि ते त्याने चोख केले.

आता तेच फोल्डर, तीच मुलगी, पण सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती. तिच्यात ‘जागा मोकळी करा’ असा पर्याय आहे. तो निवडला की लॅपटॉपवरचा मजकूर जातो, फाइलचे नाव तेवढे राहते आणि साताऱ्यात सगळे शाबूत असते. अपडेटनंतर लोक वैतागतात ते इथे. बटणाची जागा हलली तर चार दिवसांत हाताला सवय होते. पण ‘पुसणे’ आणि ‘ठेवणे’ यांचा परिणामच बदलला, तर माणसाचा आपल्याच कागदपत्रांवरचा भरवसा उडतो. हा वैताग रास्त आहे, आणि तो समजून घ्यायचा तर सिंक आतून कसे चालते हे पाहायला हवे.

दोन कॉम्प्युटरवर एकच फोल्डर आहे. एकीकडे ‘पावती’ नावाची फाइल आहे, दुसरीकडे नाही. याचा अर्थ काय? ती इथे नव्याने तयार झाली, की तिथे कुणी पुसली? दोन्ही फोल्डर कितीही निरखून पाहिले तरी याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी तिसरी गोष्ट लागते: दोन्ही बाजू शेवटच्या जुळल्या, तेव्हा काय होते याची नोंद. वाण्याची वही आणि आपली वही जुळत नसली, की दोघांनी मान्य केलेला मागचा हिशेब काढावा लागतो, तसेच हे. ड्रॉपबॉक्सने २०२० साली आपले सिंकचे इंजिन रस्ट या भाषेत नव्याने लिहिल्याचे जाहीर केले. त्यातही तीन याद्या आहेत: क्लाउडवर काय आहे, या यंत्रावर काय आहे आणि दोघांचे शेवटचे एकमत कशावर झाले होते. ही तिसरी यादी पडद्यावर कधीच दिसत नाही, पण सगळा डोलारा तिच्यावर उभा असतो. ती बिघडली किंवा पुसली गेली, की नवीन काय आणि जुने काय हे सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही. मग एकाच फाइलच्या दोन-दोन प्रती निघतात, किंवा जुनी प्रत नव्या कामावर बसते.

नोव्हेंबर २०२३मध्ये गूगल ड्राइव्हच्या कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅपबाबत जे घडले, ते हे कळल्यावरच नीट उमगते. या अ‍ॅपच्या ८४व्या आवृत्तीत काही जणांच्या फायली दिसेनाशा झाल्या. कुणाकुणाचे तर कित्येक महिन्यांचे काम जागेवर नव्हते. गूगलने तेव्हा बजावले, की अ‍ॅपमधून खाते डिस्कनेक्ट करू नका आणि अ‍ॅपचे माहिती साठवणारे फोल्डर हलवू किंवा पुसू नका. कारण क्लाउडपर्यंत न पोहोचलेला मजकूर आणि त्याच्या नोंदी त्याच आडबाजूच्या फोल्डरमध्ये असतात. बिघाड दिसला की लॉग-आउट करून पुन्हा लॉग-इन करायचे, ही आपली सर्वांची सवय इथे घातक ठरली असती. डिसेंबरमध्ये फायली परत मिळवण्याची सोय असलेली ८५वी आवृत्ती आली.

मायक्रोसॉफ्टची कथा आणखी बोलकी आहे. २०१३च्या विंडोज ८.१मध्ये क्लाउडवरच्या सगळ्या फायलींची नावे कॉम्प्युटरवर दिसत, मजकूर मात्र उघडल्यावर उतरत असे. फाइल दिसते पण इंटरनेट नसताना उघडत नाही, यावरून लोकांचा गोंधळ झाला, म्हणून २०१५च्या विंडोज १०मध्ये ही पद्धत काढून टाकली. तोवर तिच्यावर विसंबलेल्यांची छोटी डिस्क आता पुरेना. ओरड झाली आणि ऑक्टोबर २०१७मध्ये तीच कल्पना नव्या नावाने परत आली.

तिचे रूप विंडोजच्या कॉम्प्युटरवर डोळ्यांनी पाहता येते. वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेच्या फोल्डरमध्ये नावापुढे निळ्या रेघेचा पोकळ ढग असलेली एखादी फाइल शोधा आणि तिचे ‘प्रॉपर्टीज’ उघडा. आकार भला मोठा असेल, पण डिस्कवर व्यापलेली जागा शून्य बाइट. त्या नावामागे या यंत्रात मजकूर नाही, तो कुठून आणायचा याची खूण आहे. पांढऱ्या वर्तुळात हिरवी टिक असेल तर मजकूर सध्या इथे आहे, पण जागा कमी पडल्यास जाऊ शकतो. भरीव हिरव्या वर्तुळात पांढरी टिक असेल, तरच तो इथे कायम राहणार. नखाएवढ्या या तीन खुणांवर आपले कागद अवलंबून आहेत, आणि त्यांचा अर्थ शिकवायला कुणी येत नाही.

कधी बदल आणखी खालच्या थरातून येतो. ड्रॉपबॉक्सने नोव्हेंबर २०१८मध्ये लिनक्सवर एकाच फाइल सिस्टिमचा, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याच्या एकाच पद्धतीचा, पाठिंबा ठेवला आणि २०१९च्या जुलैत वगळलेल्यांपैकी काहींचा पाठिंबा पुन्हा सुरू केला. अ‍ॅपलनेही २०१७मध्ये मॅकची फाइल सिस्टिम बदलली, आणि यात मराठीचा थेट संबंध येतो. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकाच संकेताने, किंवा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन संकेतांनी. मॅकची जुनी पद्धत असे अक्षर फोडून दोन संकेतांत साठवत असे, विंडोजवर ते एकसंध राहते. डोळ्यांना फरक शून्य. पण नावे संकेतागणिक ताडून पाहणाऱ्या प्रोग्रामला या दोन वेगळ्या फायली वाटतात, आणि एकाच नावाच्या दोन याद्या शेजारी येऊन बसू शकतात. सॉफ्टवेअरची चाचणी फक्त इंग्रजी नावांवर झाली, तर ही चूक कधी सापडणारच नाही. भारतीय भाषांतली नावे चाचणीत हवीत, हा आग्रह आपल्याकडच्या इंजिनिअरांनीच धरायला हवा.

सगळेच बदल चुकीचे नसतात. छोट्या डिस्कवर मोठा संग्रह हाताळायचा तर मजकूर मागणीनुसार उतरवणे भाग आहे. प्रश्न आहे तो वापरणाऱ्याला विचारण्याचा. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात महादेव सत्यनारायणन यांच्या गटाने १९८७पासून ‘कोडा’ ही फाइल सिस्टिम घडवली. नेटवर्क तुटले तरी काम चालू राहावे, पुन्हा जोडले की बदल जुळवावेत, ही आजच्या सिंकची कळीची कल्पना तिच्यात होती. कोणत्या फायली कायम जवळ हव्यात, याची यादी त्यात वापरणारा स्वतः देऊ शकत होता. हा अधिकार आज एका छोट्या मेन्यूत दडला आहे. फाइल राहण्याची जागा किंवा पुसण्याचा अर्थ बदलणारे अपडेट स्पष्ट भाषेत, मराठीतही, विचारूनच लागू व्हायला हवे. ऑक्टोबर २०२०पूर्वी गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमधली फाइल आपण ट्रॅश रिकामे करेपर्यंत तिथेच राहायची. आता ती ३० दिवसांनी कायमची जाते. कित्येकांना हे एकतिसाव्या दिवशी कळते.

तोवर आपल्या हातात आहे ते करावे. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चूकही तितक्याच इमानाने दुसरीकडे पोहोचते. घरच्या महत्त्वाच्या कागदांची आणि फोटोंची एक प्रत सिंकच्या फोल्डरबाहेर, वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. प्रत काढण्याआधी त्या फायलींचा मजकूर खरोखर उतरला आहे ना, हे ढगाच्या खुणेवरून तपासा. मग इंटरनेट बंद करून डिस्कवरच्या दोन-चार फायली उघडून बघा. उघडल्या, तर प्रत खरी.