फ्रिज, जाळी आणि मधली मोकळी जागा

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किम्बर्ली भागात डर्बीकडून कुनुनुराच्या दिशेने जाणारा गिब रिव्हर रोड सुमारे ६६० किलोमीटरचा आहे. एकेकाळी गुरांची वाहतूक करणारा हा कच्चा रस्ता आता फोर बाय फोरवाल्यांची पंढरी झाला आहे. वाटेत पेट्रोलपंप मोजके आणि दुकानं त्याहून मोजकी, त्यामुळे निघताना गाडीत अख्खा संसार भरावा लागतो. फ्रिज, पाण्याचे कॅन, हत्यारांची पेटी, जॅक, टोचनाचे पट्टे, तंबू. हे सगळं बसतं मधल्या सीटच्या पाठीमागे, म्हणजे मुलांच्या डोक्यामागे. म्हणून तिथले लोक सीट आणि सामान यांच्यामध्ये पोलादी जाळी बसवून घेतात. तिला कार्गो बॅरिअर म्हणतात.

जाळी निवडताना गिऱ्हाईक आधी तारेची जाडी बघतो. माझ्या मते तो चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतो.

४० लिटरचा फ्रिज भरला की साधारण ४० किलोचा होतो. गाडी ५० किलोमीटरच्या वेगाने झाडावर आदळली, तर त्या क्षणी फ्रिजमध्ये तिसऱ्या मजल्यावरून खाली टाकल्याइतकी ऊर्जा असते. वेग १०० असेल तर चौपट. आता हिशेब असा करू. ५० च्या वेगाने धडक बसली आणि गाडीचं नाक ६० सेंटिमीटर चेपून ती थांबली. म्हणजे गाडी सरासरी १६ जीने, गुरुत्वाकर्षणाच्या सोळा पटीने, मंदावली. फ्रिज आधीपासून जाळीला टेकून ठेवलेला असेल, तर तो गाडीबरोबरच मंदावतो आणि जाळीवर साडेसहाशे किलो वजनाइतका दाब देतो. दाब मोठाच, पण नीट बसवलेली जाळी तो सोसते.

तोच फ्रिज जाळीपासून १५ सेंटिमीटर मागे, मोकळा असला तर? गाडी थांबू लागते, फ्रिज मात्र जुन्याच वेगाने पुढे येत राहतो आणि जाळीवर २५ च्या वेगाने आदळतो. अंतर ६० सेंटिमीटर असेल तर तो जाळीपाशी पोचेपर्यंत गाडी थांबलेली असते, त्यामुळे पूर्ण ५० चा दणका बसतो. जाळीने १० सेंटिमीटर वाकून त्याला अडवायचं म्हटलं, तर तिला जवळजवळ चार टनांचा जोर झेलावा लागेल. फ्रिज तोच, जाळी तीच, फरक फक्त मधल्या मोकळ्या जागेचा. म्हणून जड सामान खाली आणि जाळीला चिकटून, हलकं त्याच्या मागे आणि वर.

‘पट्ट्याने आवळलंय की’ असं कुणी म्हणेल. पट्टा हवाच, गाडी उलटली तर सामान वर-खाली, आडवं कसंही उडतं आणि तिथे एकटी जाळी पुरत नाही. पण ऑस्ट्रेलियाच्या सामान बांधण्याच्या मार्गदर्शिकेतले आकडे पाहा: पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट, बाजूंना आणि मागे ०.५ पट जोर बांधणीने सोसावा. हा हिशेब करकचून ब्रेक मारण्याचा, वळणांचा आणि खड्ड्यांचा आहे. धडकेतले जी त्याच्या वीसपट असू शकतात.

मग सीटची पाठ? युरोपातल्या आर-१७ नियमानुसार ती तपासताना प्रत्येकी १८ किलोचे दोन ठोकळे पाठीपासून २० सेंटिमीटरवर ठेवतात आणि सुमारे ५० च्या वेगाच्या धडकेइतका झटका देतात. म्हणजे चाचणी छत्तीस किलोची. किम्बर्लीला निघालेल्या गाडीत नुसतं पाणीच त्याहून जास्त असतं.

म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न विचारायचा तो जाळी गाडीला कुठे धरते याचा. छत आणि तळ यांच्यामध्ये रबरी टोकांच्या नळ्या ताणून बसवायच्या जाळ्या स्वस्तात मिळतात. त्या फक्त घर्षणावर उभ्या असतात. कुत्रा पुढे येऊ नये एवढ्यासाठी ठीक, पण फ्रिज त्यांना जुमानत नाही. खरी जाळी गाडीच्या सांगाड्यातल्या मजबूत जागी बोल्टने आवळलेली असते, आणि त्या जागा प्रत्येक मॉडेलच्या वेगळ्या. ‘सगळ्या गाड्यांना बसते’ असं कुणी सांगितलं की मी तरी पुढे सरकेन. जाळी एएस/एनझेडएस ४०३४ या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मानकानुसार आहे का आणि आपल्याच मॉडेलसाठी आहे का, हे दोन्ही बघायचं.

मग बारकावे. छताच्या कडेला पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल, तर तिच्या वाटेत जाळीचा पाय नको. लहान मुलाच्या सीटचा वरचा पट्टा मागे जिथे अडकवतात, ती जागा झाकली जात नाही ना, आणि पट्ट्याला जाळीतून वाट आहे ना, हे सीट प्रत्यक्ष लावूनच बघावं. अर्ध्या उंचीची जाळी खालचा भार सीटच्या पाठीवर सोडते, म्हणून लांबच्या प्रवासाला पूर्ण उंचीची बरी. आणि तंबूच्या खुंट्या जाळीच्या चौकोनातून सहज निसटतात, त्या बंद पेटीतच हव्यात.

कच्च्या रस्त्यावरच्या पन्हळी पत्र्यासारख्या लाटा दिवसभर गाडीला थरथरवतात. त्यात बोल्ट सैल होतात, वेल्डिंगच्या सांध्यांना तडे जातात. खडखड ऐकू आली की जाळी आणि पत्रा यांच्यामध्ये रबर लावायला हरकत नाही, पण बोल्टच्या खाली मऊ वॉशर सरकवून आवाज बंद करणं म्हणजे सांधाच ढिला करणं.

पुण्यामुंबईहून सामानाने गच्च भरून लडाख-स्पितीला निघणाऱ्या गाड्यांनाही हेच गणित लागू आहे, फक्त आपल्याकडे जाळी क्वचितच दिसते. दोघंच जाणार असाल तर मधली सीट पाडून जाळी पुढच्या सीटमागे आणता येते का, हे घेतानाच विचारावं. काही जाळ्यांना तशी दुसरी जागा असते. नाहीतर मागची डिकी शिस्तीत बांधलेली आणि मधल्या सीटवर, जाळीच्या अलीकडे, कॅमेऱ्याची बॅग आणि पाच लिटरचा पाण्याचा कॅन मोकळाच, असं हमखास होतं.